जुन्या गाडीचे आरे : माप आधी, भाव नंतर

जुनी मोटारसायकल दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद गेल्या काही वर्षांत शहराशहरांतून चांगलाच रुजला आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे तर दुचाकीशी जवळचे नाते सांगणारे शहर. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी कंपनीने कावासाकीच्या सहकार्याने केबी १०० ही मोटारसायकल बाजारात आणली. या कारखान्याच्या आधाराने वाळूज आणि चिकलठाणा परिसरात सुट्या भागांचे लहानमोठे उद्योग वाढले. व्हर्नियर, गेज, मुलामा, आटे हे शब्द या शहरातील असंख्य घरांत रोजच्या बोलण्यातले झाले. अशा शहरात वडिलांची किंवा आजोबांची बुलेट, येझदी, राजदूत जिन्याखालून बाहेर निघावी आणि रविवारी सकाळी दौलताबादचा घाट चढून वेरूळकडे धावावी, यात नवल नाही.

या कामाचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधी इंजिन उघडले जाते, मग टाकीला रंग लागतो, सीटला नवे कव्हर चढते, हँडल आणि सायलेन्सर क्रोम होऊन येतात. चाकांची पाळी शेवटी येते आणि तोवर ठरवलेला पैसा संपत आलेला असतो. गंजलेले आरे, म्हणजे स्पोक, बदलायचे ठरते आणि दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘स्वस्तात कुठले मिळतील?’ प्रश्न चुकीचा नाही. मूळ कंपनीने ज्या गाडीचे उत्पादन केव्हाच थांबवले आहे, तिच्यासाठी बाजारात बनलेले पर्यायी भाग वापरण्यावाचून गत्यंतर नसते आणि ते स्वस्तही मिळू शकतात. चूक असते ती प्रश्नांच्या क्रमात. आऱ्यांच्या खरेदीत माप आधी येते, भाव नंतर. हा क्रम उलटला, की वाचवलेले पैसे चाक दुसऱ्यांदा बांधण्यात जातात. कधी त्याहून मोठी किंमत रस्त्यावर मोजावी लागते.

ताणावर उभे असलेले चाक

तारेच्या आऱ्यांचे चाक भार कसे पेलते, हे कळले की आऱ्याच्या दर्जाचे महत्त्व आपोआप ध्यानात येते. बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरा खांबासारखा काम करतो. खाली आलेला आरा दाबला जातो आणि त्यावर गाडी उभी राहते. तारेचा आरा बारीक असतो. त्याला दाबले तर तो वाकेल. म्हणून येथे उलटा विचार केला जातो. सर्व आरे आधीच ताणून बसवलेले असतात आणि चहूबाजूंनी ते रिमला हबकडे खेचत असतात. गाडीचे वजन आले, की खालच्या आऱ्यांवरील ताण थोडा कमी होतो आणि चाक फिरताच तो पूर्ववत होतो. ही कल्पना इंग्रज संशोधक जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली. पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारेच्या चाकाचे पेटंट घेतले, तर जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आरे हबपासून तिरपे, एकमेकांना ओलांडत नेण्याची रचना आणली. सायकलीसाठी शोधलेली ही रचना पुढे मोटारसायकलीने जशीच्या तशी स्वीकारली.

आता याचे साधे गणित पाहावे. जुन्या बुलेटचे चाक १९ इंची. त्यावर सव्वातीन इंची टायर धरला, तर एका फेऱ्यात चाक सुमारे दोन मीटर अंतर कापते. म्हणजे एका किलोमीटरला जवळपास पाचशे फेरे. शहरापासून वेरूळ साधारण ३० किलोमीटरवर आहे. तेवढ्या एका प्रवासात प्रत्येक आऱ्याचा ताण सुमारे १५ हजार वेळा कमी-जास्त होतो. धातूची तार एका झटक्यात तुटण्याइतका भार क्वचितच येतो. पण लाखो वेळा होणाऱ्या या चढउताराने धातू थकतो आणि सूक्ष्म तडा वाढत जाऊन आरा तुटतो. हा तडा बहुधा दोनच जागी जातो. एक, हबच्या छिद्रात बसणाऱ्या डोक्याजवळचा वाक आणि दुसरी, जिथे आटे सुरू होतात ती जागा. ढिला आरा घट्ट आऱ्यापेक्षा लवकर तुटतो तो याच कारणाने. त्याचा ताण प्रत्येक फेऱ्यात शून्यावर येतो आणि पुन्हा हिसका बसतो.

एक आरा तुटला म्हणून चाक लगेच कोसळत नाही. मात्र त्याचा भार शेजारच्या आऱ्यांवर जातो, रिम आऊट होते आणि मग आरे एकामागून एक जाऊ लागतात. तुटलेले टोक रिमच्या आतून वर आले तर ट्यूब फुटते. पुढच्या चाकाच्या बाबतीत घाटाच्या उतारावर हे घडले, तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

नाव एक, माप वेगळे

दुकानात आरे मागताना गाडीचे नाव सांगण्याची पद्धत आहे आणि फसगत येथूनच सुरू होते. ‘राजदूत’ एवढे नाव पुरेसे नाही. एस्कॉर्ट्सने साठच्या दशकात आणलेली १७५ सीसीची राजदूत पोलंडच्या एका गाडीवर बेतलेली होती, तर १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० ही यामाहाच्या आरडी ३५० वर आधारलेली. टाकीवर नाव एकच, चाके मात्र सर्वस्वी निराळी. मद्रासमध्ये १९५५ पासून जुळणी होऊ लागलेल्या बुलेटचा मूळ आराखडा ब्रिटिश. साहजिकच जुन्या गाड्यांवर इंचाच्या मापाचे आटे आढळतात. नंतरच्या काळात त्याच नावाच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आला, हब बदलला आणि आऱ्याची लांबीही बदलली.

जावा आणि येझदीची गोष्टही अशीच. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियातील आराखड्यावर या गाड्या बनवल्या. पुढे येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आले, पण ही वाहने पूर्णपणे नव्या रचनेची आहेत. त्यांचा हब आणि रिम वेगळी असल्याने नव्या जावाचे आरे जुन्या जावाला चालतील, असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

यात आणखी एक भर पडते. चाळीस-पन्नास वर्षांच्या प्रवासात गाडीची रिम किंवा हब कधी तरी बदललेला असण्याचा संभव दाट असतो. एका गाडीची रिम दुसऱ्या गाडीला बसवण्याचे प्रकार जुन्या काळी सर्रास होत. त्यामुळे पुस्तकातील माप अचूक असले, तरी ते आपल्या चाकाचे माप असेलच असे नाही. विश्वास ठेवायचा तो हातातल्या चाकावर.

मोजायचे काय?

चाक उघडण्यापूर्वीच निम्मे काम करून घ्यावे लागते. आधी दोन्ही बाजूंनी स्पष्ट छायाचित्रे काढावीत. कोणता आरा कोणाला कितव्या ठिकाणी ओलांडतो, हे त्यातून नंतर पाहता येते. हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर पट्टी ठेवून मोजून लिहावे. ब्रेकचा ड्रम एका बाजूला असल्याने पुष्कळ गाड्यांत रिम हबच्या बरोबर मध्यावर नसते. हे अंतर हरवले, तर चाक सरळ फिरूनही पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत येत नाही.

त्यानंतर आरे मोजावेत. जुन्या बुलेटला एका चाकात ४० आरे असतात, तर यामाहा आरएक्स १०० सारख्या जपानी घराण्याच्या गाडीला ३६. हे सगळे सारखे असतात, असे नाही. ड्रमच्या बाजूचे आरे आखूड आणि दुसऱ्या बाजूचे लांब असू शकतात. एकाच बाजूचे आतून आणि बाहेरून येणारे आरेही वाकाच्या कोनात भिन्न असतात. म्हणून प्रत्येक प्रकारचा किमान एक चांगला आरा खूण करून वेगळा ठेवावा आणि नमुना म्हणून दुकानात न्यावा.

लांबी मोजताना डोक्याच्या टोकापासून मोजू नये. वाकाच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या शेवटापर्यंतचे अंतर, ही आऱ्याची खरी लांबी. वाकलेला किंवा ताणला गेलेला आरा नमुना म्हणून निरुपयोगी.

जाडीसाठी व्हर्नियर हवा. नजरेचा अंदाज येथे उपयोगाचा नाही. तारेची जाडी बाजारात गेजमध्ये सांगितली जाते आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. ९ गेजची तार ३.६६ मिलिमीटरची, १० गेजची ३.२५ मिलिमीटरची. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. परंतु छेदाचे क्षेत्रफळ पाहिले तर ९ गेजच्या तारेत सव्वापटीहून थोडे अधिक पोलाद असते. काही आरे डोक्याजवळ जाड आणि पुढे बारीक अशा दुहेरी जाडीचे असतात. त्यांच्या जागी सरसकट बारीक तारेचे आरे घेतले, तर नेमक्या तुटणाऱ्या जागीच पोलाद कमी पडते. उलट जाड आरा हबच्या छिद्रात बसावा म्हणून छिद्र मोठे करणे, हा तर हबवरच घाला होय. तो हब पुन्हा मिळणे आऱ्यांहून कितीतरी कठीण असते.

पोलाद, मुलामा आणि चकाकी

बाजारात साधारण तीन प्रकारचे आरे मिळतात : जस्ताचा मुलामा दिलेले, क्रोम केलेले आणि स्टेनलेस स्टीलचे. जस्ताचा मुलामा दिसायला मंद, पण तो स्वतः झिजून आतल्या पोलादाला गंजापासून वाचवतो. साठ-सत्तरच्या दशकांतील गाडीला मंद चमक विजोडही दिसत नाही. ज्याला खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, त्याच्यासाठी चांगल्या तारेचे जस्त चढवलेले आरे ही समंजस निवड ठरते.

क्रोमची चकाकी डोळ्यांत भरते. मात्र कठीण पोलादाला आम्लाने धुऊन विजेच्या साहाय्याने मुलामा देताना हायड्रोजन वायू धातूत शिरतो आणि पोलाद ठिसूळ होऊ शकते. हा दोष टाळण्यासाठी मुलाम्यानंतर लगेच भाग काही तास सुमारे २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत ठेवावे लागतात. हा खर्च वाचवून दिलेला मुलामा वरून ओळखता येत नाही. म्हणूनच जुने आरे काढून हँडल-सायलेन्सरबरोबर क्रोमला पाठवण्याचा मोह टाळलेला बरा. वापरून थकलेल्या तारेला चकाकी मिळते, आयुष्य मिळत नाही.

स्टेनलेसचे आरे महाग पडतात, पण पावसाळ्यात गंजत नाहीत. ते खरे आहेत की नाही, हे पाहण्यासाठी लोहचुंबक लावण्याची पद्धत आहे. ती पूर्णपणे भरवशाची नाही. ३०४ जातीचे स्टेनलेस मूळचे चुंबकाला चिकटत नाही. परंतु तार ओढून बारीक करताना त्यात किंचित चुंबकीय गुण येतो. तेव्हा चुंबक हलकासा धरला म्हणून आरा खोटा ठरत नाही. स्टेनलेसच्या आऱ्यांवर स्टेनलेसचेच निपल घेतले, तर घट्ट करताना आटे एकमेकांत अडकून बसण्याचा धोका असतो. निकेलचा मुलामा दिलेले पितळी निपल येथे अधिक सोयीचे.

जवळच्याच लेथवाल्याकडून आरे बनवून घेण्याचा विचारही पुष्कळांच्या मनात येतो. शेजारचे जालना तर पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. पण तेथील मुख्य उत्पादन असलेल्या बांधकामाच्या सळईचे पोलाद आणि आऱ्याची ओढून कणखर केलेली तार यांत मोठे अंतर आहे. शिवाय आऱ्याचे आटे लेथवर कापायचे नसतात, ते दाबून उमटवायचे असतात. कापलेल्या आट्यांच्या तळाशी तार बारीक होते आणि तडा तेथूनच सुरू होतो. दाबून उमटवलेल्या आट्यांचा बाहेरचा व्यास मूळ तारेपेक्षा किंचित जास्त भरतो. व्हर्नियरने हा फरक क्षणात कळतो आणि आरा कोणत्या पद्धतीने बनला, याची ती साधी कसोटी आहे.

बचत करावी ती कुठे?

बचतीला जागा आहे. ती योग्य ठिकाणी शोधली पाहिजे. पहिली बचत छापील डब्याची. माप अचूक हाती असेल, तर गाडीच्या नावाचाच संच हवा, असे बंधन राहत नाही. त्याच गेजचे, त्याच लांबीचे, त्याच वाकाचे आणि त्याच आट्यांचे आरे दुसऱ्या एखाद्या, अजून चालू असलेल्या गाडीचेही असू शकतात आणि ते स्वस्त असतात. दुसरा मार्ग मापाप्रमाणे आरे बनवून देणाऱ्या कारागिरांचा. सायकलींच्या सुट्या भागांसाठी नावाजलेले लुधियाना, दिल्लीचे करोल बाग, मुंबईचे कुर्ला, पुण्याचा जुना बाजार येथे शोध घेतला जातो तो याचसाठी. एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर पडून राहिलेला न वापरलेला साठाही चांगला असू शकतो. आट्यांवर गंज नाही ना, एवढे पाहिले म्हणजे झाले.

दुसऱ्या गाडीचे वापरलेले आरे, लांब आरे कापून नव्याने आटे पाडलेले आरे आणि दोन-तीन वेगवेगळ्या संचांतून जुळवलेले आरे मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. निपलवर वाचवलेले पैसेही खोटी बचत होय. गोलावलेल्या कडांच्या जुन्या निपलवर चावी घसरते आणि ताण नीट देता येत नाही.

दुकानात पाच मिनिटे थांबून काही गोष्टी तपासाव्यात. आरे काचेच्या काउंटरवर लोळवून पाहावेत. सरळ आरा डगमगत नाही. मूठभर आरे एकत्र उभे धरावेत, लांबीतील फरक लगेच दिसतो. वाकाजवळ भिंगाने पाहिले असता तार चपटलेली, ओरखडलेली किंवा तडकलेली नसावी. निपल हाताने शेवटपर्यंत फिरले पाहिजे. अडकूही नये आणि खुळखुळूही नये. इंची आट्यांच्या आऱ्यावर मेट्रिक निपल दोन-तीन फेरे चढते आणि मग अडते. तेथे पक्कड लावणे म्हणजे आटे मारणे. संचाशिवाय चार-पाच आरे जास्तीचे घ्यावेत, कारण त्याच मापाचा माल पुढच्या वर्षी मिळेलच, असे नाही. आणि पावती घ्यावी. माल बदलून मागण्याचा आधार तोच.

बांधणाऱ्याचा हात

उत्तम आरेही चुकीच्या हाती वाया जातात. चाक बांधणे आणि आऊट काढणे हे सायकल दुकानापासून शिकत आलेले कौशल्य. अलॉय व्हील सर्वत्र झाल्यापासून हे काम कमी झाले आणि ते करणारे जाणते हातही. असा कारागीर सापडला, तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. संपूर्ण कामातील हा सर्वांत सत्कारणी लागणारा पैसा.

चांगला कारागीर सर्व आरे आधी सैल चढवतो आणि मग समोरासमोरच्या जोड्या घेत थोडा थोडा ताण देतो. चावीने हलकेच टिचकी मारली असता एका बाजूच्या सारख्या आऱ्यांचा नाद जवळपास सारखा यावा. बद्द वाजणारा आरा ढिला. रिमची आडवी आणि उभी हालचाल २ मिलिमीटरच्या आत असावी, ही मर्यादा अनेक कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तकांत दिलेली असते. निपलच्या बाहेर आलेली आऱ्याची टोके घासून सपाट करावीत आणि त्यावर रबरी पट्टी चढवूनच ट्यूब घालावी. नवे आरे आपापल्या जागी बसताना ताण थोडा उतरतो. म्हणून पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा तपासून घेणे अगत्याचे आहे. लांबच्या सहलीला निघण्याआधी हे झालेले असावे.

‘इतका खटाटोप करण्यापेक्षा अलॉय व्हीलच का बसवू नये?’ असा प्रश्न कोणी विचारील. रोजच्या वापरातील गाडीसाठी तो विचार होऊ शकतो. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र मूळ रूप हेच तिचे मोल. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ते लागू होतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि फेरनोंदणीला ५ हजार रुपये शुल्क त्यात ठरले असून, अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ते वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांसाठीच आणता येते. ही नोंदणी करायची असो वा नसो, गाडी जशी होती तशी राखायची तर तारेची चाके राखणे ओघानेच आले.

टाकीवरचा रंग उडाला तर गाडी जुनी दिसते, एवढेच. आरा निखळला तर गाडीवर बसलेला माणूस धोक्यात येतो. मागच्या सीटवर बसणाऱ्याने तर गाडीच्या चाकात कुठल्या तारा घातल्या आहेत, हे कधी विचारलेलेही नसते. म्हणूनच दुकानाची पायरी चढताना खिशात नमुन्याचा आरा, हातात व्हर्नियर आणि कागदावर लिहिलेली मापे असावीत. मग स्वस्त मागायला हरकत नाही.